बर्फातला संसार

आपल्याकडे हिवाळा हा पाहुणा असतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तो दाराशी येऊन उभा राहतो, हुरडा, बाजरीची भाकरी, तिळगूळ आणि गुळाची पोळी असा यथास्थित पाहुणचार घेतो, आणि होळी पेटली की आपले गाठोडे उचलून चालू लागतो. तो गेला म्हणून कोणी सुस्कारा टाकीत नाही. आणखी चार दिवस राहता तर बरे झाले असते, असेच सगळे म्हणतात. त्यामुळे हिवाळ्याला भिऊन राहणे म्हणजे काय, हे आपल्या भाषेलाही फारसे ठाऊक नाही. आपली सारी बेगमी पावसाळ्याची. कोकणातल्या घरातली आगोट आठवून पाहा. मिरच्या, मीठ, सुकी मासळी, पापड, सांडगे, लाकूडफाटा, सारे मृगाच्या आत घरात आले पाहिजे. चार महिने बाहेरचे जग बंद, असे समजून माणसे घर भरतात.

ही आगोट सहा महिन्यांची करा, पावसाच्या जागी बर्फ घाला, आणि घराच्या मागे माडापोफळीच्या ऐवजी उघडाबोडका पहाड उभा करा. म्हणजे लाहौलचा हिवाळा थोडासा कल्पनेत येईल. तिथे हिवाळा पाहुणा नव्हे. तो घरमालक आहे, आणि माणसे त्याची भाडेकरू.

गेल्या काही वर्षांत हा घरमालक जरा नरमला आहे. मनालीहून लाहौलात जायचे तर पूर्वी रोहतांगची खिंड ओलांडावी लागे. ही खिंड जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर आहे, आणि 'रोहतांग' या नावाचा अर्थ प्रेतांचा ढीग असा लोक सांगतात. नाव अगदीच उगीच पडलेले नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी घाईघाईने खिंड ओलांडणारी कितीतरी माणसे तिथल्या वादळात राहिली. कार्तिक-मार्गशीर्षात खिंड मिटली की ती वैशाखाच्या सुमारास उघडायची. तोपर्यंत आतली माणसे आत आणि बाहेरची बाहेर. ३ ऑक्टोबर २०२० रोजी या डोंगराच्या पोटातून नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला, आणि ज्या वाटेने माणसे प्राण मुठीत धरून जात ती वाट आता दहा-पंधरा मिनिटांत सरते.

म्हणूनच तर आम्हां दोघांसारखी पुण्याची, मफलर गुंडाळून पर्वतीवर जाणारी माणसे फेब्रुवारीत केलांगला जाऊ शकली. मनालीकडच्या तोंडाने आत शिरताना दोन्ही बाजूंना देवदार होते. पलीकडच्या तोंडाने बाहेर पडलो तेव्हा सारी सृष्टी पांढऱ्या कागदासारखी कोरी होती. हे खिडकीची काच पुशीत म्हणाले, "अगं, इथे कुणीतरी चित्र काढायचेच विसरलेय!"

वाटेत तांदी लागते. इथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो, आणि पुढे ती नदी चंद्रभागा म्हणून वाहू लागते. पुढे हिचीच चिनाब होते. लाहौलचे लोक गोष्ट सांगतात, की चंद्राची मुलगी चंद्रा आणि सूर्याचा मुलगा भागा यांचे एकमेकांवर प्रेम होते. बारालाचाच्या उंच खिंडीजवळून दोघे दोन दिशांनी निघाले, डोंगराला वळसा घालून आले आणि तांदीला भेटले. मराठी माणसाला चंद्रभागा म्हटले की विटेवरचा विठोबा आणि वाळवंटातली गर्दी आठवते. पंढरपूरची आपली चंद्रभागा म्हणजे चंद्रकोरीसारखी वळलेली भीमा. ही तिची दूरची, उत्तरेकडची मिती. कडेला बर्फ गोठलेला, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून काळेनिळे पाणी आवाज न करता चाललेले. मी गाडीतूनच हात जोडले. चंद्रभागा म्हटल्यावर हात आपोआप जुळतात.

केलांग भागेच्या काठावर, तीन हजार मीटरांहून थोडे उंच वसलेले आहे. समोरच्या उतारावर कारदांगचा जुना बौद्ध मठ, वर शाशुरचा मठ. एवढ्याशा गावात हिवाळ्यात जायचे कारण काय, असे आम्हांला निघताना पुष्कळांनी विचारले. कारण सांगायला जरा लाज वाटत होती. मी एका शब्दकोशाच्या मागावर निघाले होते आणि वाटेत मला एक बाई भेटली, हेच खरे कारण.

मराठी शिकवणाऱ्याला मोल्सवर्थचा कोश चुकत नाही. १८३१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि १८५७ साली दुसरी. अशा कोशांच्या मागे कोणत्या प्रकारची माणसे होती, हे वाचता वाचता मी येश्के नावाच्या जर्मन पंडितापाशी जाऊन पोचले. आपल्याकडे मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती निघाली त्याच १८५७ साली हा हाइनरिश आउगुस्ट येश्के केलांगला येऊन दाखल झाला. लडाखातल्या स्तोक गावी एका शेतकऱ्याच्या घरात राहून तो बोली शिकला, केलांगला त्याने बायबलच्या नव्या कराराचे तिबेटी भाषांतर हाती घेतले, आणि १८८१ साली त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश लंडनला प्रसिद्ध झाला. तिबेटी शिकणारे आजही तो उघडतात. प्रकृती ढासळल्यामुळे येश्के १८६८ साली मायदेशी परतला. विद्वानांच्या चरित्रात केलांग हे एवढेच येते: अकरा वर्षे आणि एक कोश.

परंतु त्याच आवारात आणखी एक जोडपे राहत होते. ते विद्वान म्हणून गाजले नाही, आणि ते लवकर परतही गेले नाही. विल्हेल्म हाइडे आणि त्याची पत्नी मारिया. हाइडे १८५६ साली केलांगला आला, मारिया १८५९ साली आली, आणि दोघांनी ते गाव सोडले १८९८ मध्ये. म्हणजे मारियाचे केलांगमधले हिवाळे जवळजवळ चाळीस. मला त्या चाळीस हिवाळ्यांची ओढ लागली.

ही माणसे मोराव्हियन पंथाची. सॅक्सनीमध्ये हेर्नहूट नावाचे गाव आहे. धर्मच्छळाला कंटाळून आलेल्या लोकांना झिंझेनडॉर्फ नावाच्या एका सरदाराने १७२२ साली आपल्या जमिनीवर आसरा दिला आणि हे गाव उभे राहिले. पंथ लहान, पण पायाला चक्र. दहा-अकरा वर्षांत त्यांची माणसे वेस्ट इंडीजच्या गुलामांत आणि ग्रीनलंडच्या बर्फात जाऊन राहिली. इतर मिशने राजधान्या आणि बंदरे धरून असत. जिथे दुसरे कोणी जायला तयार नाही तिथे आपण जावे, ही यांची रीत.

हाइडे आणि त्याचा जोडीदार पागेल यांना जायचे होते मंगोलियात. त्यासाठी त्यांनी मंगोल भाषेचे धडेही गिरवले. रशियाने आपल्या मुलखातून वाट दिली नाही, म्हणून १८५३ साली ते हिंदुस्थानच्या वाटेने निघाले. इथून तिबेटात शिरू आणि तिबेटातून मंगोलियात, असा बेत. तिबेटच्या हद्दीवरून त्यांना परत पाठवण्यात आले. मग निदान दाराशी तरी बसून राहू, दार कधीतरी उघडेल, अशा विचाराने त्यांनी केलांगला जागा घेतली आणि आपल्या हातांनी घर बांधले. ते दार त्यांच्यासाठी कधी उघडले नाही. वाट बघायला म्हणून बांधलेल्या ओसरीतच त्यांचा सारा जन्म गेला.

मारियाची हकीकत याहून वेगळी. तिचा जन्म १८३७ सालचा, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधला. आईबाप तिथे याच पंथाचे मिशनरी. मिशनऱ्यांची मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना शिक्षणासाठी जर्मनीला धाडायचे, हा पंथाचा शिरस्ता. तशी मारियाही लहानपणीच आईपासून तुटली. वडील वारले. आई सुरिनामच्या अरण्यात गुलामांच्या वस्त्यांतून काम करीत राहिली आणि तिथेच मेली. पुढे केलांगच्या तिन्ही मिशनऱ्यांसाठी वधू पाठवायच्या ठरल्या, तेव्हा मारिया त्या तिघींपैकी एक होती. सुएझचा कालवा अजून खुला व्हायचा होता. तो झाला १८६९ मध्ये. बावीस वर्षांची मुलगी समुद्र ओलांडून आली, मैदाने ओलांडून आली, रोहतांग ओलांडून आली, आणि पत्राने ठरलेल्या नवऱ्याशी केलांगला तिचे लग्न लागले. आपल्याकडे त्या काळी मुलीला नवरा अंतरपाट दूर झाल्यावर दिसे. यांचा अंतरपाट म्हणजे अर्धी पृथ्वी.

आम्ही ज्या घरी उतरलो त्याच्या मालकीणबाई सत्तरीच्या. त्या मला 'बेटी' म्हणत आणि मी त्यांना 'माताजी'. घर दुमजली, जुन्या पद्धतीच्या जाड मातीच्या भिंतींचे, वर सपाट धाबे. बर्फ पडला की पहाटे उठून आधी फावड्याने धाब्यावरचा बर्फ खाली ढकलायचा, मग चहा. हे काम चुकले तर धाबे खाली येईल. घरात खोल्या चार, पण हिवाळ्यात वापरात एकच. त्या खोलीच्या मध्यावर लोखंडी तंदूर. तंदूर म्हणजे आपली भट्टी नव्हे. ही चुलीसारखी बंद शेगडी. पत्र्याचे धुराडे धाब्यातून वर गेलेले, आत विलोच्या फाट्यांचा जाळ, वर पाण्याचे भांडे अखंड रटरटत असलेले. भोवती गालिचे टाकलेले. घरातली सगळी माणसे, पाहुणे, एक मांजर आणि शेजारणी असा सारा संसार तंदूरच्या कडेने. त्या वर्तुळाच्या बाहेर दोन हात गेले की थंडी कान धरते.

त्या वर्तुळात बसून मला हाइड्यांचा दिवस थोडाथोडा दिसू लागला. बाहेर दोन-तीन फूट बर्फ असल्यामुळे जुन्या खुणा शोधीत हिंडायची सोय नव्हती. पण हिवाळा हीच सर्वांत मोठी खूण होती, आणि ती तशीच होती.

त्यांचा दिवस सुरू होई वचनाने. मोराव्हियन लोकांत १७३१ पासून दर वर्षी एक छोटी पुस्तिका छापतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला बायबलातले एकेक वचन नेमलेले. एकादशीला आळंदीला आणि पंढरीला एकच हरिपाठ चालावा, तसे त्या दिवशी ग्रीनलंडात, सुरिनाममध्ये, हेर्नहूटला आणि केलांगला तेच वचन वाचले जाई. डाक बंद, खिंड बंद, चार महिन्यांपूर्वीचे पत्र हेच ताजे पत्र. पण आज सकाळी आपले सारे लोक याच ओळीवर बोट ठेवून बसले आहेत, एवढा भरवसा. एकटेपणावरचे हे औषध त्यांनी आपल्याबरोबर आणले होते, आणि त्याला वजन अगदी थोडे होते.

मग कामे. उन्हाळ्यात हाइडे घोड्यावरून, पायी, लडाख-झांस्करपर्यंत फिरतीवर जाई. हिवाळा घरात बसायचा. शेती झाकलेली, गुरे खालच्या गोठ्यात, म्हणून शिकायला मोकळी असलेली माणसे हिवाळ्यातच मिळत. शाळा तेव्हाची, औषधपाणी तेव्हाचे, भाषांतर तेव्हाचे आणि छापणेही तेव्हाचे. त्यांच्यापाशी शिळाछापाचा यंत्रसंच होता. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्या शिळाप्रेसवर निघाल्या, तीच विद्या. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने अक्षर उमटवायचे, दगड ओला करायचा, आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, अक्षरावर धरते. दगड ओला ठेवायचा, आणि तोही ज्या गावात रात्री घागरीतले पाणी गोठते त्या गावात! माताजींच्या घरी सकाळी नळ उघडला तर नुसता सुस्कारा बाहेर येई. मला त्या दगडाची फार आठवण झाली.

आणि मारिया? तिने १८६०च्या दशकात ठेवलेली रोजनिशी उरली आहे आणि अभ्यासकांनी ती वाचली आहे. पण ती नसती तरी तिचा दिवस कोणत्याही संसारी बाईला ओळखता येईल. दुकान नाही. दुकान असलेले गाव खिंडीपलीकडे. म्हणजे पाव, कपडे, दिवाबत्ती, सारे घरच्या घरी करणे आले. पोर तापले तर वैद्य नाही. नवऱ्याच्या पेटीतली औषधे आणि आपले दोन हात. त्यात दारी आलेला आजारी, शाळेची मुले, भाषा परकी, चालीरीती परक्या. आपल्याकडे मिशनऱ्यांच्या कथा पुष्कळदा प्रवचने, वादविवाद आणि धर्मांतरे यांच्या रूपाने सांगितल्या जातात. धर्मवेड्या पुरुषाच्या बायकोला कोणकोणत्या दिव्यांतून जावे लागते, हे मराठी वाचकाला कळले ते लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर. मारियाची बाजूही तशीच स्वयंपाकघरातून पाहावी लागते.

याच मारियाने हिवाळ्यात गावातल्या बायकांना जमवून मोजे विणायला शिकवले. लाहौली बायकांना सूतकताई आणि मागावरचे विणकाम पिढ्यान्‌पिढ्या येत होते. सुयांवरचे विणकाम नवे होते. एका बाजूने सुया चालत, दुसऱ्या बाजूने वाचन आणि धर्मोपदेश चाले. बायकांनी काय केले? सुया घेतल्या आणि उपदेश तिथेच ठेवला.

हे मी माताजींना सांगितले तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्या हातात तेव्हाही सुया होत्याच. बोलताना त्या खाली पाहत नव्हत्या. टाके आपोआप पडत होते.

"आमच्या सासूबाई सांगायच्या," त्या म्हणाल्या, "की मोजे मेमसाहेबांनी शिकवले, बटाटा साहेबांनी आणला, आणि तंदूरसुद्धा त्यांचाच. आधी घरात नुसता धूर असायचा."

"मग तुमच्यापैकी कुणी ख्रिस्ती झाले नाही ते?"

"बेटी, बटाटा खाल्ला तर दुसऱ्या दिवशी कळते की चांगला आहे. धर्माचे तसे आहे का?"

आमचे हे एवढा वेळ थुक्प्याच्या वाडग्यात मग्न होते. ते एकदम दिलखुलास हसले. मी मात्र गप्प झाले. कारण आकडा खरेच करुण आहे. घर बांधल्यावर नऊ वर्षांनी, १८६५ मध्ये, पहिला बाप्तिस्मा झाला, तोही लाहौलच्या कोणाचा नव्हे; लडाखहून आलेल्या एका बापलेकांचा. पुढेही मूठभरच माणसे मिळाली, आणि त्यांतलीही बहुतेक लडाखची. पागेल किन्नौरमधल्या पू या गावी जाऊन राहिला होता. १८८३ च्या जानेवारीत तो आणि त्याची बायको काही दिवसांच्या अंतराने मरण पावली. केलांगचे मिशन १९४० साली बंद झाले. जमाखर्च मांडणारा माणूस या वहीवर एक आडवी रेघ ओढून ती मिटून टाकील.

रात्री आमच्या दोघांत यावरून थोडे वाजले. हे म्हणाले, "हा शुद्ध हट्ट. लोकांना नको म्हणत होते ते यांना कळायला हवे होते. दुसऱ्याचा धर्म चुकीचा आहे असे धरूनच जो येतो, त्याचे मला काही कौतुक नाही." यात खोटे काय होते? मठातल्या लामांविषयी आणि त्यांच्या पूजांविषयी या मंडळींना आदर नव्हता. तो असता तर ती आलीच नसती. आपल्याकडेही मिशनऱ्यांनी कोश केले, शाळा काढल्या, आणि आपल्या देवांना नावेही ठेवली. दोन्ही गोष्टी एकाच हाताने केल्या. हे विसरून नुसत्या आरत्या ओवाळणे मला जमणार नाही, आणि या कारणासाठी कोश फेकून देणेही जमणार नाही.

पण माझ्या मनात रुतले होते ते दुसरेच. हाइडे दांपत्याला झालेल्या मुलांपैकी काही केलांगलाच गेली. गोठलेल्या जमिनीत खड्डा खणणे काय असते, ते तिथे गेल्यावर कळते. कुदळ दगडावर आपटल्यासारखी उडते. आणि जी मुले जगली ती शाळेच्या वयाची झाल्यावर पंथाच्या शिरस्त्याप्रमाणे जर्मनीला गेली. ज्या मुलीला लहानपणी आईपासून तोडले, तिने आई झाल्यावर आपली मुले त्याच वाटेने धाडली. खिंडीपर्यंत ती गेली असेल का? की दारातूनच परतली असेल? आणि घरात आल्यावर त्या दिवसाचे नेमलेले वचन उघडून पाहिले असेल का? हे प्रश्न मला विद्वानांना विचारायचे नाहीत. मला एवढेच दिसते, की हाइडे १८५३ साली मायदेशाहून निघाला तो पन्नास वर्षांत एकदाही परत गेला नाही. मुले समुद्रापलीकडे वाढत होती, त्यांचे आवाज फुटत होते, आणि इथे डाक आली तर येत होती.

दुसऱ्या दिवशी मी माताजींना विचारले, की तुमची नातवंडे दिसत नाहीत. त्या म्हणाल्या, "कुल्लूला. इथे हिवाळ्यात शाळा नीट चालत नाही. मुलगा-सूनही त्यांच्यापाशीच असतात. पुष्कळ घरांची हीच गत आहे बेटी, हिवाळ्यात गावात म्हातारी माणसे उरतात." मग थोडे थांबून, "आता बोगदा झाला. बर्फ कमी असला तर रविवारी येऊन जातात. माझा मुलगा शाळेत होता तेव्हा मात्र सहा-सहा महिने नुसता आवाजही नाही. पाठवताना वाटायचे, शिकला तर सुखी होईल. परत आला तेव्हा मला बघून लाजला. पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिला."

त्यांच्या सुया क्षणभर थांबल्या. मारियाच्या प्रश्नाचे उत्तर मला कुठल्याच ग्रंथात मिळाले नसते, ते असे तंदूरच्या कडेला मिळाले. उत्तर म्हणजे तिची बाजू रास्त ठरली असे नव्हे. पण आतापर्यंत मी तिला पंथाच्या हुकुमाखाली वावरणारी एक परकी बाई म्हणून पाहत होते. आता ती मला याच गावातली वाटली. मुलाला चांगले दिवस यावेत म्हणून आपल्या कुशीतून दूर करणारी आई केलांगला परकी नाही, आणि कोकणातून मुंबईला पोरगे धाडणाऱ्या घरांनाही ती परकी नाही. फरक एवढाच, की आमच्या माताजींसाठी डोंगर अखेर फुटला आणि त्यातून वाट निघाली. मारियाच्या वाट्याला तो अखंडच राहिला.

१८९८ मध्ये दोघे केलांग सोडून दार्जिलिंगकडे गेली. तिथे तिबेटी भाषेच्या कामात आणखी काही वर्षे काढून १९०३ साली मायदेशी परतली. हाइडे १९०७ मध्ये वारला, मारिया १९१७ मध्ये. त्यांच्या गेरहार्ड नावाच्या मुलाने पुढे आईबापांचे चरित्र लिहिले आणि त्याला तिबेटी लोकांतली पन्नास वर्षे अशा अर्थाचे नाव दिले. ज्या घरातून तो लहानपणी दुरावला त्या घराचा त्याने पुस्तकातून का होईना, पुन्हा शोध घेतला असेल, असे मला वाटते.

लाहौलच्या हातविणीच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना आता सरकारदरबारी भौगोलिक निर्देशांकाची मोहोर मिळाली आहे. म्हणजे कोल्हापुरी चप्पल आणि पुणेरी पगडी यांच्या पंक्तीला हे मोजे बसले. लाहौलचे म्हणून, लाहौलच्या बायकांचे म्हणून. मेमसाहेबांचे नाव त्यावर नाही, आणि ते नसावे हेच योग्य. बायकांनी विद्या घेतली, तिच्यात आपले रंग भरले, आपली नक्षी घातली, आणि ती आपली केली. शिकवणाऱ्याला याहून मोठी दक्षिणा मिळत नाही, असे आम्ही शिक्षक लोक समारंभात म्हणतो. मारिया मात्र वेगळी दक्षिणा मागायला आली होती. ती न मिळता तिने चाळीस हिवाळे शिकवले, याचे मला राहून राहून नवल वाटते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी माताजींकडून विणकामाचा एक धडा घेतला. मला स्वेटर विणता येतो, त्यामुळे मनातून ऐट होती. पायाची नळी ठीक जमली. टाचेपाशी आले आणि गाडी अडली. किती टाके सोडायचे, किती उचलायचे, कुठे वळायचे, काही केल्या ध्यानात येईना. माताजींनी तीनदा उसवून तीनदा दाखवले. शेवटी माझ्या हातातून सुया काढून घेत म्हणाल्या, "राहू दे बेटी. टाच एका दिवसात येत नाही. तिला एक हिवाळा लागतो."

बाहेर पुन्हा बर्फ पडू लागला होता. ह्यांनी कोपऱ्यातले फावडे उचलून दाराशी आणून ठेवले, सकाळी शोधाशोध नको म्हणून.